ऑफ

मिरजेला नर्सिंग शिकत होते तेव्हापासून ‘ऑफ’ हा शब्द माझ्या तोंडात आहे. ‘माझा ऑफ बुधवारी’, ‘पंखा ऑफ कर’, ‘सिस्टरांचा आज मूड ऑफ आहे’. आणखी एक अर्थ होता, तो वॉर्डातले मामा अगदी हळू आवाजात सांगायचे. ‘सिस्टर, सात नंबर ऑफ झाला.’ मग आम्ही पडदा ओढून घ्यायचो. इंग्रजी असूनही हा शब्द मला कधी परका वाटला नाही.

इंग्लंडला येण्यासाठी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा दिली, तिच्यासाठी सहा महिने रोज पहाटे उठून अभ्यास केला. ऐकण्यात ‘बी’ ग्रेड मिळाली तेव्हा आईने शेजारी पेढे वाटले. यॉर्कशायरमधल्या एका हॉस्पिटलात वृद्धांच्या वॉर्डात रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात एका सहकारी सिस्टरने विचारलं, ‘ऑफ-ड्यूटी पाहिलीस का?’ मला वाटलं, सुट्ट्यांची यादी असेल. भिंतीवर तसला कागद कुठे दिसेना. समोर लावला होता तो अख्ख्या महिन्याच्या पाळ्यांचा तक्ता, आणि त्यालाच इथे ‘ऑफ-ड्यूटी’ म्हणतात. कोण कधी कामावर आहे ते ज्यात लिहितात, त्या कागदाचं हे नाव.

मग हा शब्द जिकडेतिकडे भेटायला लागला. फ्रिजमधलं दूध ‘ऑफ’ म्हणजे नासलेलं. आजी ‘ऑफ हर फूड’ म्हणजे त्यांची अन्नावरची वासना उडाली आहे. एखादं काम मला नीट जमतं अशी वरिष्ठांनी सही केली की ते ‘साइन्ड ऑफ’. नव्याने भरती झालेल्या एका बाईंच्या कागदावर पहिल्याच ओळीत ‘ऑफ लेग्ज’ लिहिलं होतं. मी पांघरूण बाजूला करून पाहिलं, दोन्ही पाय धड होते. चालत्याफिरत्या माणसाला अचानक उभंच राहता येईना, तर त्याला तसं म्हणतात.

एका रात्री दिवे मंद केल्यावर कुणीतरी म्हणालं, ‘सहा नंबर हॅज ड्रॉप्ड ऑफ.’ मी धावतच गेले. वृद्ध माणूस खाटेवरून पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याची भीती. सहा नंबरच्या आजी गालाखाली हात घेऊन गाढ झोपल्या होत्या. त्यांचा डोळा लागला होता, एवढंच. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले आणि त्यांचा श्वास मोजला.

तिसऱ्या महिन्यातली ती सकाळ मात्र मी विसरणार नाही. औषधांची ट्रॉली घेऊन फिरत होते. आमची हेल्थकेअर असिस्टंट, वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, जाता जाता म्हणाली, ‘चार नंबर इज गोइंग ऑफ अ बिट.’ चार नंबरच्या आजोबांचा एक्स-रे ठरलेला होता. मला वाटलं, ते तिकडे निघालेत. मी ‘ओके’ म्हटलं आणि पुढच्या दोन पेशंटांना गोळ्या दिल्या, पाणी दिलं, एकीची उशी सारखी केली.

चार नंबरपाशी पोचले तेव्हा आजोबा खाटेतच होते. कपाळावर घाम, ओठ निळसर, आणि गळ्याजवळची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. श्वास मिनिटाला 26, ऑक्सिजन 91, नाडी 118. इथे ‘न्यूज टू’ नावाचं कोष्टक असतं, प्रत्येक आकड्याला गुण असतात. तीन, तीन आणि दोन, झाले आठ. सात झाले तरी ताबडतोब मदत बोलवायची असते. मी घंटेचं बटण दाबलं. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, रक्त घेतलं, अँटिबायोटिक सुरू झालं. छातीत न्यूमोनिया होता.

‘गोइंग ऑफ’ म्हणजे पेशंट बिघडत चाललाय. ती बाई मला धोक्याची सूचना देऊन गेली होती, आणि माझी दहा मिनिटं त्या एका शब्दात गेली. दुपारी मी मुख्य सिस्टरांना जाऊन जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. त्या दिवसापासून मी कुणी काहीही म्हणालं तरी आधी विचारते, ‘स्कोअर किती?’

आजोबा बरे होऊ लागले. आयुष्यभर त्यांनी बस चालवली होती. एका संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगून माफी मागितली. त्यांनी माझा हात थोपटला आणि चहाचा कप सरकवून टेबलावर बोटाने रस्ता काढला. बसची फूटपाथकडची बाजू ती नियरसाइड, लांबची ती ऑफसाइड. मग क्रिकेटवर आले. बॅट्समनच्या पायांकडची बाजू ती लेग, पायांपासून दूरची ती ऑफ. ‘ऑफ म्हणजे नुसतं दूर, लव्ह,’ ते म्हणाले. ‘जिथे असायला हवं तिथून दूर.’

त्या रात्री खोलीवर आल्यावर शब्दकोश उघडला. ‘ऑफ’ आणि आपण ‘चा-ची-चे’साठी शिकतो तो एका एफचा ‘ऑव्ह’, हे दोन्ही मुळात एकच शब्द. जोर देऊन उच्चारला तो पुढे दोन एफचा झाला. वाचता वाचता मला आपलं ‘सुटणे’ आठवलं आणि मी उठूनच बसले. शाळा सुटते, गाडी सुटते, नोकरी सुटते, गाठ सुटते, पोट सुटतं, वारा सुटतो, तोंडाला पाणी सुटतं. सगळीकडे काहीतरी धरलेलं होतं, ते मोकळं झालं. अलार्मचं कोडंही तिथेच उलगडलं. मिरजेत अलार्म ऑफ झाला म्हणजे बंद पडला, इथे ‘वेंट ऑफ’ म्हणजे वाजायला लागला. बंदुकीची गोळी सुटावी तसा आत दाबून ठेवलेला आवाज सुटतो. सगळं काही यात बसत नाही. ‘वेल ऑफ’ म्हणजे सुखवस्तू, त्याला मी बरंच ओढलं, तो काही आला नाही. पण परक्या वॉर्डात माझ्या पायाखाली जमीन आली ती त्या रात्री.

रविवारच्या फोनवर मी आईला बसवाल्या आजोबांबद्दल सांगत असे. ती दर वेळी आधी त्यांचीच चौकशी करायची. पुढच्या रविवारी तिने विचारलं, ‘कसे आहेत गं ते आजोबा?’

‘आज सुटले,’ मी म्हटलं.

पलीकडे काहीच बोलणं नाही. मग अगदी बारीक आवाज आला, ‘अगं बाई. कधी?’

‘घरी गेले गं आई. मुलगा न्यायला आला होता. दारापर्यंत चालत गेले.’