'वॉचमेन' आणि त्याचे वाचक

अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समधील वाचकांच्या पत्रांचे पान हे निव्वळ कौतुकाचे पान कधीच नव्हते. १९६० च्या दशकात डीसी प्रकाशनाचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ पत्रलेखकांची नावे पत्त्यांसह छापू लागले, तेव्हा दूरदूरच्या चाहत्यांचा परस्परांशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि सुपरहिरोंना वाहिलेल्या 'फॅनझीन'ना, म्हणजे चाहत्यांनीच हौसेने काढलेल्या नियतकालिकांना, बहर आला. त्याच डीसीने १९८६-८७ मध्ये बारा अंकांत प्रसिद्ध केलेल्या, अ‍ॅलन मूर लिखित आणि डेव्ह गिबन्स चित्रित 'वॉचमेन'मध्ये मात्र हे पान नाही; त्याच्या जागी एका निवृत्त नायकाचे आत्मचरित्र, पोलिसी कागदपत्रे, इतकेच काय, घुबडांवरचा एक निबंधही छापलेला आहे.

वाचक मात्र कथेच्या आतच वावरतो. न्यूयॉर्कच्या एका नाक्यावर वृत्तपत्रविक्रेत्याच्या टपरीशेजारी एक मुलगा चाच्यांचे कॉमिक फुकटात वाचत बसतो, त्यातले काही कळत नाही म्हणून कुरकुरतो आणि तरीही पुन्हा तेच उघडतो. मुखवटे घातलेली माणसे जिथे खरोखरच रस्त्यावर उतरली होती, त्या जगात कॉमिक्स चाच्यांची खपतात, हा मूर यांचा खास तिरकसपणा.

खरा पेच 'वॉचमेन'मधल्या रोर्शाक या मुखवटाधारी नायकाचा आहे. स्टीव्ह डिटको यांच्या 'क्वेश्चन' आणि 'मिस्टर ए' या तडजोड न मानणाऱ्या नायकांवरून बेतलेले हे पात्र मूर यांच्या मते इशारा होते. प्रत्यक्षात अनेक वाचकांनी त्यालाच आपला प्रतिनिधी मानले आणि मूर यांनी मुलाखतींतून त्याबद्दल अस्वस्थता व्यक्त केली. हा दोष एकट्या वाचकाच्या माथी मारणे योग्य नव्हे. पहिल्याच पानावर रोर्शाकच्या रोजनिशीचा आवाज ऐकू येतो, खुनाचा माग तोच काढतो, आणि लाखोंच्या संहारावर उभी राहिलेली शांतता टिकावी म्हणून बाकीचे नायक सत्य दडवून मौन पत्करतात तेव्हा नकार देणाराही तोच असतो. ते खोटे ज्याला पचत नाही, त्या वाचकाने आणखी कोणाच्या बाजूला उभे राहावे? अर्थात, पहिल्या अंकातल्या मद्यालयात तो एका माणसाची बोटे मोडतो आणि हाती काहीच लागत नाही, हे प्रकरण त्याचे चाहते फारसे आठवत नाहीत. नायकाने माहितीसाठी गुंडाला चोपणे हा या साहित्यप्रकाराचा जुना संकेत असल्यामुळे डोळा तिथे अडत नाही, आणि मूर यांचा डाव नेमका तिथेच फसतो.

डेमन लिंडेलॉफ यांच्या २०१९ च्या 'वॉचमेन' या एचबीओ मालिकेत हा वाद ओक्लाहोमातील टल्सा शहरात उतरला: तिथे रोर्शाकचा मुखवटा चढवून हिंडणारी माणसे गोऱ्या वर्णाच्या वर्चस्वासाठी लढणारी आहेत, आणि त्यांनी त्याची रोजनिशी वाचलेली आहे.