बाहुलीचा चेहरा

बाहुलीचं धड, हात, पाय शिवायला फार अक्कल लागत नाही. जिला ब्लाऊज शिवता येतो, तिला बाहुली शिवता येते. चार नळ्या शिवायच्या, उलटवायच्या, कापूस ठासायचा आणि जोडायच्या. हात थांबतो तो चेहऱ्यापाशी. ही कोण आहे आणि कोणाकडे बघते आहे, हे तिथे ठरवावं लागतं. आपल्या घरांत तर त्याच्याही आधी एक प्रश्न उभा असतो, चेहरा काढावा की नाही?

माझ्यापुढे हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आला. आम्ही डाळजला राहतो. पुणे-सोलापूर हायवे जवळच, मागच्या बाजूला उजनीचं पाणी. शिलाईचं काम मी लग्नाआधीपासून करते, त्यामुळे मशीनखाली कतरणांची गोणी कायम भरलेली. माझी मुलगी पुण्यात नर्सिंग शिकते. तीन वर्षांचा कोर्स, होस्टेलला राहणं सक्तीचं. जावई ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. म्हणून त्यांची पाच वर्षांची लेक आमच्याजवळ असते. दिवसभर पोर खेळते, खाते, कोंबड्यांमागे धावते. मगरिबनंतर मात्र फोन घेऊन बसते. अम्मीचा व्हिडिओ कॉल येतो, आणि पावसात रेंज गेली की अम्मीचा चेहरा बोलता बोलता मध्येच थिजतो. अर्धं तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. आपण मोठी माणसं फोन कापून पुन्हा लावतो. ही त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघत राहायची.

एका रात्री म्हणाली, "नानी, मला अम्मीसारखी बाहुली शिवून दे. तोंड अडकत नाही अशी."

भिगवणच्या दुकानातून आणलेली एक बाहुली घरात होतीच. गुलाबी प्लास्टिकची, पिवळ्या केसांची, निळ्या डोळ्यांची. ती तिने कधीच कॉटखाली सारली होती. मी मांजरपाट काढला आणि चहाची पत्ती उकळून, चिमूटभर मीठ घालून त्यात भिजत घातला. पाच मिनिटांनी काढला तर मुलतानी मातीसारखा रंग. तिने आपला हात त्यावर ठेवून पाहिला आणि मान हलवली. पुन्हा बुडवला. तिसऱ्यांदा काढला तेव्हा म्हणाली, "आता अम्मी."

त्याच आठवड्यात माझी आपा बारामतीहून आली. आपा पाबंद आहे आणि तितकीच मायाळू. कापडाचं डोकं, दोरीवर वाळत घातलेलं धड पाहून हसली. मग हळूच म्हणाली, "शीव बाई, पण डोळे काढू नको हं. डोळ्यांनीच तस्वीर पुरी होते."

मी तिच्याशी वाद घातला नाही. तस्वीर करणाऱ्यांबद्दलच्या हदीस कडक आहेत, हे लहानपणापासून ऐकलं आहे. पण बाहुल्यांबद्दलच्या हदीसही त्याच पुस्तकांत आहेत. हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत असत. प्रेषित मुहम्मद (स.) घरात आले की त्यांच्या मैत्रिणी लाजून लपत, आणि आपण (स.) त्यांना पुन्हा खेळायला पाठवत. हे बुखारी आणि मुस्लिम दोन्हींमध्ये आहे. अबू दाऊदमध्ये आणखी एक प्रसंग येतो. वाऱ्याने पडदा उडाला आणि बाहुल्या दिसल्या. त्यांच्यामध्ये चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. हे काय आहे, असं आपण (स.) विचारलं. घोडा, असं उत्तर आलं. घोड्याला पंख? तर हजरत आयेशांनी हजरत सुलैमान (अलै.) यांच्या पंखांच्या घोड्यांची आठवण करून दिली. त्यावर आपण (स.) दाढा दिसेपर्यंत हसले.

मला या प्रसंगातली एक गोष्ट फार आवडते. आधी विचारलं गेलं आणि मुलीचं उत्तर ऐकून घेतलं गेलं. घोडा काय आहे, पंख कुठून आले, हे कापडाने सांगितलं नाही, खेळणाऱ्या मुलीने सांगितलं.

आणखी एक आठवण हजरत रुबय्यि (रजि.) यांची. आशूऱ्याच्या रोज्याला मुलांनाही रोजा ठेवायला लावायचे, आणि मूल भुकेने रडलं की लोकरीचं खेळणं हातात द्यायचे, इफ्तारपर्यंत. मदिन्यातल्या आया लोकरीची खेळणी करत होत्या, हे वाचून माझ्या गोणीतल्या कतरणांना एकदम मान आल्यासारखा वाटला.

आलिमांमध्ये मात्र यावर एकमत नाही. काजी इयाज यांनी नमूद केलं आहे की मुलींच्या बाहुल्यांना बहुतेक विद्वानांनी सूट दिली, कारण त्यातून मुली घर आणि लेकरं सांभाळायला शिकतात. काहींच्या मते ही सूट पुढे राहिली नाही. काही म्हणतात, त्या काळच्या बाहुल्या साध्या होत्या, आजच्यासारख्या हुबेहूब नव्हत्या. म्हणूनच 2014 साली इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या एका मुस्लिम बाईने, जी आधी शिक्षिका होती, डोळे-नाक-तोंड काहीच नसलेली स्कार्फवाली बाहुली बाजारात आणली. आणि 2003 साली अरब देशांत आलेल्या फुल्ला बाहुलीला अबाया आहे, पण चेहरा चांगला रंगवलेला आहे. दोन्ही मुसलमान घरांतच विकत घेतल्या गेल्या. चेहरा नसलेल्या बाहुल्या फक्त आपल्यातच आहेत असंही नाही. अमेरिकेतल्या आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या बायकाही चिंध्यांच्या बाहुल्या कोऱ्या चेहऱ्याच्याच शिवतात.

मी आमच्या मशिदीच्या हाफिजसाहेबांना घरातून निरोप पाठवून विचारलं. शोकेसमध्ये मांडायची आहे की पोरीने खेळायची आहे, एवढंच त्यांनी उलट विचारलं. खेळायची आहे म्हटल्यावर म्हणाले, खेळू द्या, साधी ठेवा. भगिनींनो, तुमच्या घरचं तुम्ही तुमच्या आलिमांना विचारा. मी आमच्या घरचं सांगते आहे.

साधी ठेवा हे ऐकून मला माझ्या अम्मीची बाहुली आठवली. माझं माहेर भीमाकाठचं, उजनीच्या पाण्यात गेलेलं. गाव उठलं तेव्हा सामान बैलगाडीत भरताना पत्र्याची पेटी आली, जातं आलं, बाहुली कुठे राहिली कोणालाच कळलं नाही. तिला डोळ्यांच्या जागी काळ्या दोऱ्याच्या दोन फुल्या होत्या. नाक नव्हतं. आणि आता इतक्या वर्षांनी कापडी डोकं हातात घेतल्यावर लक्षात आलं, की तिला तोंडही नव्हतं. मी तर तिच्याशी तासन्‌तास बोलायचे आणि तीही बोलायची. तोंड नाही हे मला तेव्हा कधी दिसलंच नाही.

तरी फुल्या टाकून मोकळं व्हावं, असं मनाला येईना. पोरीने अम्मी मागितली होती.

ब्रश मी आयुष्यात पहिल्यांदाच धरत होते. सुई-दोऱ्याचा हात वेगळा, तिथे टाका चुकला तर उसवता येतो. रंग उसवत नाही. म्हणून आधी कतरणीवर करून पाहिलं. कापडावरचा रंग ब्रश ओला असला की फुटतो. ठिपका टेकवला की त्याचा कोळी होतो. ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि रंग थोडा थोडा टेकवायचा, ओढायचा नाही. चपट्या कापडावर आधी चेहरा काढून मग कापूस भरला तर कापड ताणतं आणि डोळे कानाकडे सरकतात. म्हणून डोकं आधी घट्ट ठासलं. गादीचा जुना कापूस पिंजून घेतला होता, तो दगडासारखा बसला.

डोळ्यांची जागा ठरवायला स्कार्फच्या काळ्या मण्यांच्या दोन पिना घेतल्या. ही युक्ती कोणी शिकवली नाही, समोर पिना होत्या म्हणून टोचल्या. आणि काय सांगू, अर्धा तास आम्ही नानी-नात नुसत्या पिना सरकवत बसलो. जवळ आणल्या की बाहुली रागावलेली. लांब नेल्या की वेंधळी. वर टोचल्या की मास्तरीणबाई. डोक्याच्या निम्म्याच्या जरा खाली आणल्या आणि मध्ये एका डोळ्याहून थोडं जास्त अंतर ठेवलं, तेव्हा एकदम लहान, शांत असं कोणीतरी बसलं आमच्यासमोर. पोर म्हणाली, "नानी, आता हात लावू नको."

नजरेचंही तसंच. कॉटखालच्या त्या बाहुलीची बुबुळं कोपऱ्यात होती, कुठेतरी दुसरीकडेच बघणारी. अमेरिकेत 1959 साली बार्बी आली तेव्हा तीही तिरकं बघायची, समोर बघणारी बार्बी यायला 1971 उजाडलं. कारखान्यालाही बारा वर्षं लागली म्हणायची. लहान पोराला समोर बघणारं कोणीतरी लागतं.

पिनांच्या जागी मी दोन काळे ठिपके टेकवले आणि त्यावर पापणीची एकेक बारीक रेघ दिली. रंगाच्या डबीबरोबरच्या कागदावर डोळ्यात पांढरा थेंब दाखवला होता. त्या थेंबाने डोळा जिवंत होतो, कतरणीवर करून पाहिलं तेव्हा माझी मीच दचकले. तो मी दिला नाही. थोडं आपासाठी, थोडं माझ्यासाठी. नाकही सोडलं.

तोंडाला आले. सगळ्या बाहुल्या हसतात म्हणून मी लाल रंगात ब्रश बुडवला. पोरीने हात धरला.

"हसरं नको."

"का गं?"

"मग मी रडल्यावर पण ती हसेल."

यावर काय बोलणार? लालमध्ये चहाच्या रंगाचा तपकिरी मिसळला आणि एक आखूड, सरळ रेघ दिली. हसूही नाही, रडूही नाही. गालाला कोरड्या ब्रशने जरासा गुलाबी. झालं म्हणून मी ब्रश धुवायला उठले तर मागून आवाज आला, "तीळ राहिला."

माझ्या मुलीच्या हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ आहे. जन्मापासूनचा. आगपेटीच्या काडीच्या टोकाने तो दिला. आख्ख्या चेहऱ्यात माझ्या मुलीशी मिळतं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी रंग सुकल्यावर काळ्या लोकरीचे केस लावले, सुती ओढणी शिवली. आपाने फोनवर विचारलं, डोळे काढलेस? म्हटलं, ठिपके काढलेत. ती जरा गप्प राहिली आणि म्हणाली, ओढणीला गोट लाव, नाहीतर धागे निघतील. आम्ही बहिणी अशाच भांडतो.

पुढे जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. मला वाटलं होतं, पोर रात्री तिला अम्मी म्हणून कुशीत घेईल. चार-पाच दिवस घेतली. मग एका सकाळी मी मशीनवर बसलेली असताना तिने बाहुली माझ्या मांडीवर आणून ठेवली, माझी जुनी पर्स खांद्याला अडकवली आणि बाहुलीला बोट दाखवून बजावलं, "मी ड्युटीवर चालले. नानीला त्रास द्यायचा नाही. रेंज आली की फोन करते." अंगणात दोन फेऱ्या मारून परत आली, पर्स ठेवली, बाहुलीला उचलून विचारलं, "जेवलीस का?" आणि स्वतःच सांगितलं, "हो म्हणते."

सुट्टीत मुलगी दोन दिवस आली तेव्हा तिने बाहुली हातात घेऊन तीळ पाहिला. तिचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीवर गेला. "ही मी आहे?" असं तिने लेकीला विचारलं.

"नाही," पोर म्हणाली. "ही माझी मुलगी. तिला तुझा तीळ आलाय."

मुलगी आत पाणी प्यायला गेली ती बराच वेळ आली नाही.

आता गल्लीतल्या तीन मुलींना बाहुल्या हव्या आहेत. चहाचं पातेलं पुन्हा चुलीवर चढलं आहे. त्यातल्या एकीच्या आईने आधीच सांगून ठेवलं, आमच्यात डोळे चालत नाहीत. तिची कोरीच शिवते आहे. फक्त कुंची घालते आहे तिला, लाल गोटाची, म्हणजे समोरची बाजू कोणती ते पोरीला कळेल.