फलाट नको, गाडीचा नंबर बघा!

सोमवारी सकाळी ऑफिसात शिरायचं, कम्प्युटर ऑन करायचा आणि मशीनचा चहा घेऊन येईपर्यंत सगळं जागच्या जागी हजर! सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह आणि ऑफिसच्या सर्व्हरवरचा तो सगळ्यांचा कॉमन फोल्डर. कोणी जोडला, कधी जोडला, आपल्याला काय त्याचं? फाइल उघडली, काम सुरू! हा ड्राइव्ह रोज सकाळी गुपचूप येऊन बसतो, त्यामागे कोणीतरी कधीतरी एक ओळ लिहून ठेवलेली असते, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं. मग कळलं. आणि असं कळलं, की त्या दिवशी आमच्या घरी कोणी धड जेवलं नाही.

घर म्हणजे नरडाणा. पुण्यात हे नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘कुठे आलं गं हे?’ धुळे जिल्हा, शिंदखेडा तालुका. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की मध्ये लागतं. सुरत-भुसावळ रेल्वेही इथूनच जाते. एमआयडीसी आहे, स्टेशन आहे आणि आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक दगडी जातं आहे. या गोष्टीत महत्त्वाचं ते जातं.

त्या जात्यावर आजीने आयुष्यभर दळलं आणि दळताना गायली. सगळं अहिराणीत. जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, सासरी निघालेल्या पोरीची गाणी. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला मला एक ऑडिओ प्रोजेक्ट करायचा होता. ‘विषय शोधायला कशाला जायचं, विषय घरातच आहे’ म्हणून मी आजीसमोर रेकॉर्डर धरला. प्रोजेक्ट संपला, मार्क मिळाले, पण सवय सुटली नाही. दर सुट्टीला मी नरडाण्याला जाणार, आजी गाणार आणि मी रेकॉर्ड करणार. आठ वर्षांत दीडेकशे रेकॉर्डिंग्ज जमली. आजी आता त्र्याऐंशीची आहे. श्वास पुरत नाही, म्हणून मध्ये थांबते. पण गाते!

ही सगळी रेकॉर्डिंग्ज आप्पांच्या कम्प्युटरला जोडलेल्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. आप्पा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड मास्तर. त्यांचा कम्प्युटर विंडोज 7 वर चालायचा. कंपनीने त्याचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच बंद केलेला, आणि नवीन विंडोज त्या म्हाताऱ्या मशीनला झेपणारं नव्हतं. एका दिवाळीत मी बाह्या सरसावल्या आणि त्यावर लिनक्स मिंट टाकलं. फुकट, हलकंफुलकं, मराठीही दिसतं. आप्पा खूश! मीही खूश. लाडू खाता खाता मी आणखी एक शहाणपणा केला. दुसरी डिस्क आणली आणि रोज रात्री दोन वाजता पहिल्या डिस्कची नक्कल आपोआप दुसरीवर होईल, अशी सोय केली. म्हटलं, आता टेन्शनच नाही!

इथे थोडं तांत्रिक बोलावं लागणार आहे. चालेल ना? घाबरू नका, मीही पत्रकारच आहे, इंजिनिअर नाही.

लिनक्समध्ये सी, डी, ई अशी ड्राइव्हची अक्षरं नसतात. सगळं एकाच झाडाच्या फांद्यांवर. नवी डिस्क आली की ती कुठल्या फांदीवर, म्हणजे कुठल्या फोल्डरवर बसवायची, ते सांगावं लागतं. याला म्हणतात माउंट करणं. हा शब्द जुना आहे. एके काळी ऑपरेटर डिस्कचा जाडजूड पॅक उचलून खरोखरच मशीनवर चढवायचा! आता हातानं चढवायची गरज नाही. ‘एफएसटॅब’ नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळ लिहायची. ओळीत सहा रकाने. कुठली डिस्क, कुठल्या फोल्डरवर, कुठल्या प्रकारची, कुठल्या अटींवर आणि शेवटी दोन आकडे. कम्प्युटर सुरू होताना ही यादी वाचतो आणि एकेक डिस्क जागेवर बसवतो.

मी दोन ओळी लिहिल्या. ‘एसडीबी1’ ही गाण्यांची डिस्क, ती ‘गाणी’ फोल्डरवर. ‘एसडीसी1’ ही बॅकअपची, ती ‘बॅकअप’ फोल्डरवर. पुढचे पाच महिने सगळं झक्कास चाललं. मध्ये दोनतीनदा लाइट जाऊन आली, तरी काही बिघडलं नाही. इथेच मी फसले. कारण एसडीबी आणि एसडीसी ही डिस्कची नावं नाहीतच! जी डिस्क कम्प्युटरला आधी सापडेल तिला आधीचं अक्षर, नंतर सापडेल तिला पुढचं.

आमच्या स्टेशनच्या भाषेत सांगते. एसडीबी हा फलाटाचा नंबर आहे, गाडीचा नाही. रोज त्या वेळेला भुसावळकडे जाणारी गाडी एक नंबरवर लागते, म्हणून एक दिवस पाटी न वाचता चढलात, तर संध्याकाळी सुरतेला उतराल!

होळीला घरी गेले होते. त्या दिवशी आजी अशी काही रंगात आली, की विचारू नका. चौदा रेकॉर्डिंग्ज झाली. त्यातली एक ओवी मी आधी कधीच ऐकली नव्हती. शहाद्याला दिलेल्या तिच्या थोरल्या बहिणीची. ती बहीण लवकर गेली, एवढंच मला माहीत होतं. रात्री नऊला सगळं डिस्कवर टाकलं आणि रेकॉर्डरचं कार्ड फॉरमॅट करून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागणार होतं ना!

अकराच्या सुमारास लाइट गेली. आमच्या इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि टीव्ही, कम्प्युटर नाही. साडेबाराला लाइट आली, कम्प्युटर आपोआप सुरू झाला (ते सेटिंगही माझंच, हुशारीच हुशारी!). पण या वेळी बॅकअपची डिस्क आधी जागी झाली. ती झाली एसडीबी, गाण्यांची झाली एसडीसी. दोघींनी फलाट बदलले. कम्प्युटरने यादीप्रमाणे बॅकअपची डिस्क ‘गाणी’वर बसवली आणि गाण्यांची ‘बॅकअप’वर. त्याची काय चूक? यादी मी दिलेली!

दोन वाजता नक्कल करणारी स्क्रिप्ट उठली. मी ‘आरसिंक’ नावाचा प्रोग्राम वापरला होता आणि त्याला ‘डिलीट’ हा पर्याय लावला होता. म्हणजे मूळ जागी जे नाही, ते नकलेच्या जागेवरूनही पुसून टाक. स्क्रिप्टच्या दृष्टीने आता मूळ जागी होती कालपर्यंतची गाणी, आणि नकलेच्या जागी चौदा फाइल्स जास्तीच्या. तिने त्या इमानदारीत पुसल्या. एका मिनिटाचंही काम नाही.

सकाळी आप्पांनी आजीला कौतुकाने खुर्चीत बसवलं, स्पीकर लावला, फोल्डर उघडला. होळीचं फोल्डरच नाही. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे. आजी दोघांकडे बघत म्हणाली, “मना आवाज कथा गया?”

माझा आवाज कुठे गेला? मला उत्तर देता येईना.

पुढचा दिवस कसा गेला, ते मलाच माहीत. एक गोष्ट बरी झाली. पुण्यातल्या एका मित्राने फोनवर पहिलंच वाक्य सांगितलं, ‘डिस्क काढून ठेव, तिच्यावर आता एक अक्षरही लिहू नकोस.’ पुसलेली फाइल लगेच नष्ट होत नाही. तिची जागा रिकामी म्हणून नोंदली जाते, एवढंच. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आशा असते. आमच्या स्क्रिप्टने पुसलं होतं, पण वर नवीन काही लिहिलं नव्हतं. ‘फोटोरेक’ हा एक फुकट प्रोग्राम आहे. नावात फोटो असला, तरी आवाजाच्या फाइल्सही शोधतो. तो रात्रभर डिस्क चाळत बसला. आजी मध्येच डोकावून म्हणाली, “जेवी ले माय, पेटी पळी जात नही.” मी जेवले नाही.

पहाटे हिशेब लागला. बारा रेकॉर्डिंग्ज पूर्ण मिळाली. नावं गेलेली, नुसते आकडे, एकेक ऐकून ओळखायची. एक अर्धवट मिळालं. एक मिळालंच नाही. कुठलं, ते तुम्ही ओळखलं असेलच. शहाद्याच्या बहिणीचं.

मग मी शहाण्यासारखी बसले आणि त्या फाइलमधल्या दोन ओळी पुन्हा लिहिल्या. प्रत्येक डिस्क फॉरमॅट होताना तिला एक यूयूआयडी मिळतो. छत्तीस अक्षरांची लांबलचक ओळख, बत्तीस अंक-अक्षरं आणि मध्ये चार आडव्या रेघा. डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, आधी जागी होऊ दे की नंतर, हा नंबर बदलत नाही. हाच गाडीचा नंबर! एसडीबीच्या जागी तो लिहिला.

दुसरं, ‘नोफेल’ ही अट. नाहीतर एखादी डिस्क जोडलेली नसली, की कम्प्युटर दीड मिनिट तिची वाट बघतो आणि मग सुरूच व्हायला नकार देतो. आप्पांना रात्री काळा स्क्रीन दिसला असता, तर फोन मलाच आला असता. तिसरं, ऑटोमाउंट. डिस्क सुरुवातीलाच नाही, तर कोणी तो फोल्डर उघडेल तेव्हाच जागेवर येते. मोठ्या ऑफिसांत, विद्यापीठांत 1980 च्या दशकापासून ही युक्ती आहे. शेकडो कम्प्युटर, सर्व्हर एक, ज्याला जे लागेल ते मागितल्यावर हजर.

पण या सोयीत एक मेख आहे. डिस्क आलीच नाही, तर तिच्या जागी उरतो रिकामा फोल्डर. आणि रिकाम्या फोल्डरची इमानदारीत नक्कल केली तर? बॅकअपही रिकामा! म्हणून गाण्यांच्या डिस्कवर मी खुणेची एक छोटी फाइल ठेवली, बॅकअपच्या डिस्कवर दुसरी. दोन्ही खुणा आपापल्या जागी दिसल्या, तरच नक्कल करायची. नाहीतर गप्प बसायचं. आणि तो ‘डिलीट’ पर्याय? कायमचा काढला. मग मी मुद्दाम डिस्कच्या वायरी उलटसुलट लावून, कम्प्युटर चारदा बंद-चालू करून बघितला. हे दिवाळीतच करायला हवं होतं.

अगदी लिनक्सवाले नसाल, तरी हा किस्सा तुमचाही आहे बरं का. तुमच्या पेन ड्राइव्हचं अक्षर एक दिवस ई चं एफ होतं, आणि ई वर लावलेला बॅकअप कुठे गेला ते कळत नाही. क्लाउडवर सिंक होणारा फोल्डर म्हणजे बॅकअप, असं समजून आपण निवांत असतो. पण इथे पुसलं, की तिथेही पुसलं जातं! फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रुळवलेला 3-2-1 चा नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. माझ्या दोन डिस्क एकाच टेबलावर, एकाच कम्प्युटरला चिकटून होत्या. आता एक प्रत पुण्यात, माझ्या कपाटात असते.

आमच्या खानदेशाला हे नवीन का आहे? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी त्यांची गाणी ऐकून वहीत उतरवली. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. ती वही नसती तर? पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांनी कागदावरही उतरवल्या आणि टेपही केल्या. मी मात्र एका एसडीबीवर विसंबून राहिले.

परत निघायच्या आदल्या रात्री मी आजीला घाबरत घाबरत विचारलं, शहाद्याच्या आजीची ती ओवी पुन्हा गाशील का? ती जात्याशी बसली. गायली. पण ती ओवी ती नव्हती. चाल तीच, बहीण तीच, पण होळीच्या दिवशी मधे एक ओळ होती, ती या वेळी आलीच नाही. मी विचारलं, तर म्हणाली, त्या दिवशी आली होती, आज नाही आली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. माझ्या घशात मात्र काहीतरी अडकलं.

रेकॉर्डर बंद केला. डिस्कवर टाकलं, बॅकअप झाला, दोन्ही डिस्क आपापल्या जागी आहेत का ते बघितलं. कार्ड फॉरमॅट केलं नाही. आजी हे सगळं शांतपणे बघत होती. मग आप्पांच्या टेबलावरची रेघांची वही तिने माझ्याकडे सरकवली.

“आते लिखी बी ले,” ती म्हणाली.