घाटमाथ्यावर

मराठी भाषेतील काही शब्द दिसायला लहान असतात. पण त्यांच्या पोटात मोठा ऐवज साठवलेला असतो. ‘घाट’ हा तसाच एक शब्द आहे. नदीला घाट असतो आणि डोंगरालाही घाट असतो. नदीचा घाट आपल्याला पायरीपायरीने पाण्यापर्यंत नेतो. डोंगराचा घाट वळणावळणाने माथ्यापर्यंत नेतो. एक खाली उतरवतो, दुसरा वर चढवतो. परंतु जे एरवी अवघड, ते माणसाच्या पावलांना सोपे करून देणे, हे दोघांचेही काम आहे. वर्गात हा शब्द मी अनेकदा शिकवला. त्याची खरी गोडी मात्र मला सायकलवर बसल्यावर कळली.

सह्याद्री हा देश आणि कोकण यांच्यामधला प्रचंड तट आहे. या तटात निसर्गाने खिंडी ठेवल्या आणि माणसांनी त्या हेरून वाटा पाडल्या. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनकालीन शिलालेख आहे. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असे सांगतात. कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवरून वर येई आणि देशावरचे धान्य खाली उतरे. घाट हे असे दोन प्रदेशांतील देवघेवीचे दरवाजे होते.

अशा घाटांपैकी मला विशेष प्रिय आहे तो वरंधा घाट. पुणे जिल्ह्यातील भोरहून रायगड जिल्ह्यातील महाडला जाणाऱ्या रस्त्यावर तो लागतो. हिवाळ्यातल्या एखाद्या आडवारी भल्या पहाटे भोर सोडावे. थंडीने बोटे आखडलेली असतात आणि दवाने रस्ता ओला झालेला असतो. मैलच्या मैल एकही मोटार भेटत नाही. सायकलच्या साखळीची बारीक कुरकुर, एखाद्या पक्ष्याची शीळ आणि दूरच्या वाडीतला कोंबडा, एवढेच काय ते आवाज! मोटारीत बसलेल्यास गाव ‘लागते’ आणि ‘जाते’. सायकलस्वाराला गाव भेटते. चुलीच्या धुराचा वास, भाताच्या काडाचा वास आणि गोठ्यातली ऊब त्याला वाटेवरच मिळते.

हे नीरेचे खोरे आहे. पूर्वी याला हिरडस मावळ म्हणत. इ. स. १६६० मध्ये विशाळगडाच्या वाटेवर खिंड लढवताना धारातीर्थी पडलेले बाजीप्रभू देशपांडे याच मावळातले. आज या खोऱ्यात नीरा-देवघर धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. रस्ता त्याच्या काठाकाठाने जातो. सकाळच्या उन्हात ते पाणी पाहून डोळे निवतात. पण त्या पाण्याखाली कुणाची तरी शेते गेली आहेत, हेही विसरता येत नाही. ही नीरा पुढे वीर धरणात अडते आणि तेथून निघणारे कालवे बारामती, फलटण, माळशिरस या भागांतील शेते भिजवतात. दूरवर पिकणाऱ्या उसाची मुळे अशी या डोंगरापर्यंत पोहोचलेली असतात.

सायकलवर भूगोल पायांना कळतो. भोरपासून माथ्यापर्यंतचा रस्ता नदीच्या सोबतीने वर जातो. मध्येच चढ येतो, मध्येच सपाटी. दम लागतो, पण जीव घाबरत नाही. माथा ओलांडला की मात्र जमीन एकदम पायांखालून सरकते. समोर कोकणची खोल दरी उघडते, निळसर डोंगरांच्या रांगा दिसतात आणि रस्ता वळणामागून वळण घेत खाली झेपावतो. सह्याद्री पूर्वेला हळूहळू उतरतो आणि पश्चिमेला कड्यावरून उडी घेतो, हे पुस्तकातले वाक्य येथे मांड्यांना आणि ब्रेक धरणाऱ्या बोटांना समजते.

या माथ्याजवळ शिरगावला नीरा उगम पावते. येथे उभे राहिले की मनात एक विचार येतो. पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले. एक पूर्वेच्या उतारावर पडला. तो नीरेत जाईल, नीरा नरसिंहपूरजवळ भीमेला मिळेल, भीमा पुढे कृष्णेला मिळेल आणि हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून तो थेंब बंगालच्या उपसागरात पोहोचेल. दुसरा पश्चिमेला पडला. तो ओढ्याओढ्यांतून सावित्रीत जाईल आणि शंभर किलोमीटरांच्या आतच बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळेल. एका ढगाची ही दोन लेकरे पुन्हा भेटायची नाहीत!

परंतु नवल असे की, पाणी जेथे एकमेकांपासून दुरावते, तेथेच माणसे एकमेकांना भेटतात. घाटातल्या वाघजाईच्या देवळाजवळ चहाभज्यांची लहान दुकाने आहेत. तेथे महाडकडून वर आलेला आणि भोरकडून खाली निघालेला, असे दोघेही एकाच बाकावर बसतात. एक भाताची गोष्ट सांगतो, दुसरा ज्वारीची. एकदा तेथे चहा घेत असता एका वृद्ध बाईंनी मला विचारले, “एवढं पाय दुखवून कशाला येता, बाबा? एसटी हाय की!” मी म्हणालो, “आजी, एसटीतून तुमची भेट झाली नसती.” त्या हसल्या आणि क्षणभराने म्हणाल्या, “मग चैतात या. हंडा घेऊन आमच्यासंगं चाला.”

त्यांचे बोलणे माझ्या मनात रुतून बसले. पावसाळ्यात जेथे मुसळधार पाऊस कोसळतो, त्याच सह्याद्रीच्या माथ्यावरील अनेक गावांत उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी बायकांना लांब चालावे लागते. उभ्या उतारावरून पाणी धावत खाली जाते. कठीण काळ्या खडकात ते फारसे मुरत नाही. ज्यांच्या अंगणातून नदी निघते, त्यांच्याच घरी रिकामा हंडा असतो.

परतीचा चढ चढताना वळणांचे मोल कळते. शंभर मीटर उंची एका किलोमीटरात गाठायची, तर गुडघे हार खातात. तीच उंची दोन किलोमीटरांत गाठली, तर जोर निम्माच पुरतो. फक्त अंतर आणि धीर दुप्पट लागतो. रस्ता डोंगराशी झुंजत नाही. तो त्याची समजूत घालीत वर जातो. जेथे माणूस ही समजूत सोडतो, तेथे डोंगरही आपला धर्म सोडतो. अतिवृष्टीने भिजलेला उतार खचतो. त्याचा पाया कापला असेल, तर अधिकच लवकर. २२ जुलै २०२१ रोजी याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. पावसाळ्यात वरंधा घाट अनेकदा वाहतुकीस बंद ठेवतात. त्या दिवसांत या वाटेला जाऊ नये. हिवाळ्यातली शांतता आणि श्रावणातली गर्जना ही एकाच डोंगराची रूपे आहेत, हे ज्याला उमगले, त्यानेच घाटवाटेने जावे.

मुलांनो, प्रत्येकाला वरंधा घाट गाठता येणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. तुमच्या गावाजवळून एखादी नदी, निदान एखादा ओढा वाहत असेलच. सुट्टीच्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन, सायकलवर किंवा पायी, त्याच्या काठाने वरच्या बाजूला जा. पाणी कोठून येते ते पाहा. मग ते पुढे कोणाकोणाची तहान भागवते, हे विचारा. आणि ज्यांच्या दारावरून ते जाते, त्यांची तहान भागते की नाही, हे विचारायलाही विसरू नका.