पंचमाच्या शेजारी

काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाला लावलेली असली, तर ती सेकंदाला साधारण 104 कंपनं करते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. अ‍ॅम्प्लिफायरमधले डायोड तिच्या दोन्ही अर्धलहरी एकाच बाजूला वळवतात, त्यामुळे पॉवर सप्लायमधून निसटणारी घरघर 100 हर्ट्झची होते. म्हणजे ती पंचमाच्या इतकी लगटून बसते की दोन्ही एकदम वाजले, तर सेकंदाला चारएक हेलकावे उठावेत. जवारी जमवण्यासाठी केलेला सगळा खटाटोप भिंतीतली वीज अशी सहज वाया घालवते. गाणं रंगलं की घरघर ऐकूच येत नाही, मग तिचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. ढोल-ताशांच्या ध्वनिमुद्रणापुरतं ते खरंही आहे. पण विलंबित ख्यालाच्या आलापीत दोन स्वरांमधली मोकळी जागा हाही गाण्याचाच भाग असतो, आणि घरघर नेमकी तीच जागा बळकावते.

ती घालवायची म्हणजे काहीतरी विकत आणायचं, हा समज मला पटत नाही. घरघर स्वतःच आपला पत्ता सांगत असते. ऐकणाऱ्याने एकेक गोष्ट काढत जायचं. आवाजाचं बटण फिरवल्यावर ती कमी-जास्त होत असेल, तर ती बटणाच्या आधीच कुठेतरी शिरते आहे. होत नसेल, तर बटणाच्या पुढे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवताच ती थांबली, तर चार्जरच्या वाटेची चौकशी करावी. तीक्ष्ण करकर असेल, तर पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून पाहावा; तो विजेची लहर सेकंदाला 100 वेळा मध्येच छाटतो आणि त्या छाटणीच्या कडा स्पीकरपर्यंत पोचतात. केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून उपसताच शांतता झाली, तर अर्थिंगचा लूप सापडला: दोन उपकरणं दोन वाटांनी जमिनीला जोडलेली असतात, त्या वाटांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो, आणि तो फरक सिग्नलच्या वायरीच्या जाळीतून वाहू लागतो. अ‍ॅम्प्लिफायर बिचारा त्यालाही संगीतच समजतो.

खरखरीचा असा माग काढण्याचा सर्वात थोर नमुना मात्र दिवाणखान्यातला नाही. अटलांटिकपलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये व्यत्यय कुठून येतो, हे शोधायचं काम बेल लॅबोरेटरीजने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे सोपवलं होतं. त्याने न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे सुमारे 30 मीटर लांबीचा, फोर्डच्या मोटारीच्या चाकांवर गोल फिरणारा अँटेना उभारला आणि 20.5 मेगाहर्ट्झवर महिनोन्‌महिने नुसती खरखर नोंदवली. जवळच्या वादळांची एक, दूरच्या वादळांची दुसरी, एवढं जमलं. उरली ती एक मंद, एकसारखी सूं. आधी तिचा रोख सूर्याकडे वाटला. पण तिचा जोर दररोज चार मिनिटं लवकर येत होता, आणि ही चाल सूर्याची नव्हे, ताऱ्यांची. 1933मध्ये त्याने जाहीर केलं की तो आवाज आकाशगंगेच्या मध्याकडून, धनू राशीच्या दिशेने येतो. त्या शोधातून रेडिओ खगोलशास्त्र जन्मलं. कंपनीने त्याला दुसरं काम दिलं. 1950मध्ये, वयाच्या 44व्या वर्षी तो गेला. आज नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची दुर्बीण ज्या एककात आकाश मोजते, त्याचं नाव जान्स्की. आणि तिथे हुडकून बाजूला काढावा लागतो तो आपला, माणसांचा गोंगाट.

जान्स्कीपाशी वर्गवारी होती आणि धीर होता. पॉवर कंडिशनर किंवा जाडजूड पॉवर केबल घेऊन घरघर झटपट घालवता येईल, असा यावर आक्षेप येतो. विजेच्या लाइनमधूनच करकर येत असेल, तर फिल्टरचा उपयोग होतो, हे मान्य. पण लूप दोन उपकरणांच्या जोडणीत असतो; कितीही महागडी पॉवर केबल तो तोडू शकत नाही. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणणं किंवा सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवणं, हे उपाय स्वस्त आणि खात्रीचे. तरीही शेवटी थोडी सूं राहतेच. प्रत्येक रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेने हलतात, त्यांचा तो आवाज. तिथे शोध थांबवावा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण त्यात तथ्य आहे. प्लगची तिसरी पिन काढली किंवा तिच्यावर टेप गुंडाळली, की घरघर बहुधा लगेच बंद होते. पण ती पिन आवाजासाठी नसते. आत फेजची वायर सुटून धातूच्या खोक्याला टेकली, तर करंट तिच्या वाटेने जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. ती नसेल, तर तोच करंट खोक्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाऊ शकतो. तेव्हा बाकी काहीही काढून पाहा. अर्थिंगला हात लावू नका.