काजळीच्या आडचा तारा

सिंह राशीत मघेच्या पश्चिमेला साधारण 5 अंशांवर सीडब्ल्यू लिओनिस हा तारा आहे. हौशी निरीक्षकाच्या लहान दुर्बिणीला तिथे काही लागत नाही. तोच भाग अवरक्त प्रकाशात पाहिला, तर 5 मायक्रॉन तरंगलांबीला सूर्यमालेबाहेर इतकं तेजस्वी दुसरं काहीच नाही! तारा स्वतःच्याच काजळीत गुरफटलाय. आपल्यापर्यंत पोचते ती मुख्यतः त्या काजळीची धग.

*

तो सापडला एका स्वस्तातल्या आरशामुळे. रॉबर्ट लेटन आणि गेरी न्यूगेबाउअर यांना अवरक्त आकाशाची पाहणी करायची होती. लेटन यांनी पातळ इपॉक्सी ओतून ती संथ फिरवत ठेवली. फिरणाऱ्या द्रवाच्या पृष्ठभागाला आपसूक परवलयाचा खोलगटपणा येतो. तो तसाच घट्ट होऊ दिला आणि वर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवला. झाला 62 इंची आरसा. या हिकमतीचं मला फार कौतुक वाटतं. माउंट विल्सनवरच्या त्या पाहणीतल्या या विलक्षण वस्तूबद्दल एरिक बेक्लिन आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये लिहिलं.

*

सीडब्ल्यूच्या जेमतेम 2 अंश दक्षिणेला आर लिओनिस. सीडब्ल्यूसारखाच तोही म्हातारा, तोही रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा. 310 दिवसांच्या फेऱ्यात तेज चढलं की द्विनेत्रीतून सहज दिसतो, गडद तांबूस.

फरक रसायनाचा. अशा ताऱ्यांच्या बाहेरच्या थरांत कार्बन आणि ऑक्सिजन जोडी जमवून कार्बन मोनॉक्साइड होतात, आणि हा रेणू सहसा तुटत नाही. आर लिओनिसमध्ये मग ऑक्सिजन उरतो. त्याचं पाणी होतं, सिलिकेटची धूळ होते. सीडब्ल्यूच्या पोटात हेलियमपासून बनलेला कार्बन ढवळून इतका वर आलाय, की तिथे कार्बनच उरतो.

*

सुमारे 630 दिवसांत एकदा सीडब्ल्यू फुगतो, आकसतो. उसळीसरशी वायू वर फेकला जातो, निवतो, त्यात धूळ धरते. प्रकाश धुळीला ढकलतो, धूळ वायूला ओढत नेते. वेग सेकंदाला 14-15 किलोमीटर. वर्षाकाठी सहा-सात पृथ्व्यांइतका ऐवज बाहेर पडतो.

*

वायू आणि धुळीच्या या वेष्टनात 80 हून अधिक प्रकारचे रेणू ओळखले गेलेत. त्यांतल्या लांबलचक कार्बन साखळ्यांची मला विशेष ओढ. अशा साखळ्या कार्बन ताऱ्यांभोवती तयार होत असाव्यात, हे प्रयोगानं तपासायला हॅरी क्रोटो 1985 मध्ये ह्यूस्टनला गेले. तिथल्या स्मॉली आणि कर्ल यांच्यासोबत ग्रॅफाइटवर लेसर मारला. साखळ्या मिळाल्याच, शिवाय 60 अणूंचा बंद गोल रेणूही हाती लागला. 1996 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याचं. आणि 2010 मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला तोच रेणू अवकाशात दिसला, अशाच एका ताऱ्यानं मरताना उधळलेल्या वायूत.

*

पाण्याचं प्रकरण राहिलं. सगळा ऑक्सिजन मोनॉक्साइडमध्ये अडकलेला, म्हणजे सीडब्ल्यूभोवती पाणी जवळपास नसायलाच हवं. 2001 मध्ये पाण्याची वाफ आढळली. आधी वाटलं, भोवतीच्या धूमकेतूंची वाफ होत असेल. 2010 मध्ये हर्शेल दुर्बिणीनं थेट ताऱ्याजवळ गरम वाफ दाखवली, तिथे धूमकेतूंचं काम नाही. मग नवं उत्तर पुढे आलं: वेष्टन सलग नाही, ढेकळाढेकळांचं आहे, फटींतून बाहेरचे अतिनील किरण आत शिरतात, मोनॉक्साइड फोडतात आणि ऑक्सिजन मोकळा करतात.