ठेवीवरचं कार्ड

ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या शाहूपुरीत शिरलं, दुकान बुडालं, हप्ते थकले. पुढे दुकानदारानं तडजोडीनं कर्ज मिटवलं. सिबिलच्या पत-अहवालात मात्र ‘सेटल्ड’ हा शेरा उरला. ३०० ते ९०० च्या मोजपट्टीत त्याचा स्कोअर पार खाली.

साधं क्रेडिट कार्ड आता कोण देणार?

त्यानं मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं कार्ड निवडलं. ठेव २०,००० रुपयांची, व्याज चालूच. वार्षिक शुल्क आधीच विचारून घेतलं. कार्डावर फक्त किराणा आणि पेट्रोल, तेही मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत. ‘मिनिमम ड्यू’च्या नादी न लागता तो मुदतीआधी पूर्ण बिल भरतो.

अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. कोऱ्या वहीत तो दर वेळचा आकडा टिपतो आणि पुढचं दुकानकर्ज किती मागावं, याचा हिशेब मांडतो.